कोपरा कापलेलं कार्ड

जिचा शिक्का आमच्या वन्संना करता येणार नाही, अशी वस्तू देवानं अजून जन्माला घातलेली नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. इंदापुरात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या, आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू आपल्या जागेवर आणि आपल्या आकारात राहिलेली नाही. भेंडी आडवी कापली की तिचं फूल उमटतं, हा शोध त्यांना लागला आणि आमच्याकडे भेंडी आधी कागदावर आणि उरलीच तर कढईत जायला लागली. एकदा पाहुणे जेवायला बसलेले असताना भाजीत एक जांभळी फोड निघाली. मी लाजेनं अर्धमेली झाले. वन्संनी मात्र ती पाहुण्यांच्या ताटातून उचलली, उजेडात धरली आणि "आगं बया, ही हितं हाय व्हय! सकाळधरनं हुडकतीया," म्हणत आत नेली. ह्यांच्या रबरी चपलेच्या टाचेतून त्यांनी एक कोयरी इतकी सफाईनं कोरून काढली की हे स्टँडपर्यंत जाऊन खडा टोचेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. ह्यांनी घर डोक्यावर घेतलं, तर वन्सं म्हणाल्या, "टाच कोण बघतंय? कार्ड समदी बघत्यात."

कार्डं म्हणजे शुभेच्छापत्रं. वाढदिवस, बारसं, दहावीचा निकाल, नवा ट्रॅक्टर, कशालाही वन्संचं कार्ड जायचंच, तेही पोस्टानं. कागदासाठी त्यांचा डोळा लग्नपत्रिकांवर. पत्रिका घेऊन कोणी आलं की वधू-वरांची नावं वाचायच्या आधी त्या कागद चिमटीत धरून त्याची जाडी बघत. एका लग्नाची तर तारीखच कमळाच्या पाकळ्या होऊन कुणाच्या तरी वाढदिवसाला निघून गेली आणि आम्ही अंदाजानं आहेर घेऊन पोहोचलो तेव्हा तिथं हळद लागत होती. वन्सं मजेत हळद लावून घेऊन वर मंडपातल्या झिरमिळ्यांचा कागद खिशात घालून आल्या. साडीला खिसा त्यांनीच शिवलेला. रबरावर अक्षरं उलटी कोरून कोरून त्यांची नजरही तशीच झाली आहे. हायवेवर रुग्णवाहिकेच्या तोंडावर उलटं लिहिलेलं असतं ते त्या सरळ वाचतात आणि सरळ पाट्यांपाशी अडखळतात.

शाईचं पॅड मात्र तहसील कचेरीबाहेरच्या टपरीवरचं, जांभळं. त्यावरून एकदा भलतंच झालं. पळसदेवला आमचे लांबचे एक तात्या आहेत. त्यांना दिवाळीचं कार्ड गेलं. वर गोल शिक्का, त्यात पणती, भोवती अक्षरं, आणि सगळं जांभळं. तात्यांनी चष्मा लावायची तसदी न घेता ओळखलं की ही सरकारी नोटीस. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते पहिल्या एसटीनं इंदापूरला आले आणि कचेरीत रांगेत उभे राहिले. नंबर लागल्यावर कारकुनानं पुढून-मागून बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "तात्या, ह्याला हजर ऱ्हायची गरज न्हाय. घरी जाऊन करंज्या खावा." तात्या तडक आमच्याकडे आले आणि खरंच करंज्या खाऊन गेले. वन्संना मात्र त्या गोष्टीचा केवढा अभिमान! आपला शिक्का सरकारी वाटला, याहून मोठं बक्षीस त्यांना मिळालं नसेल.

असं सगळं हसण्यावारी जात होतं, म्हणून त्या कोपऱ्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पिंपळीला वन्संची मैत्रीण आहे, सुमन. बारामतीला डी.एड.ला दोघी एका खोलीत राहायच्या, एका ताटात जेवायच्या. पुढे सुमनताईंचं पिंपळीच्या ऊसवाल्यांच्या घरात लग्न झालं तरी आठवड्याला फोन ठरलेला. काही वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांची एकसष्टी आली. वन्संनी नुकतंच पुण्याहून कागदाचा कोपरा नक्षीदार कापायचं यंत्र आणलेलं. त्यांनी एका कोपऱ्यापासून वेल काढली आणि शोभा यावी म्हणून तेवढाच कोपरा कापला.

कोपरा कापलेलं पत्र आपल्याकडे कशाचं असतं, हे ज्या पिढीला माहीत होतं ती पिढी नेमकी त्या दिवशी पिंपळीला ओट्यावर बसली होती. सुमनताईंच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण कोपरा वाचता येत होता. पोस्टमननं हातात कार्ड दिलं आणि त्यांनी हंबरडा फोडला. कोण गेलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण आळी गोळा झाली, आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं, एकसष्टीचा माणूस शेतातून धावत आला. शेवटी कुणीतरी कार्ड उघडून मोठ्यानं वाचलं, "शतायुषी व्हा."

संध्याकाळी सुमनताईंचा फोन आला. "माझ्या नवऱ्याच्या एकसष्टीला कोपरा कापलेलं पत्र? मास्तरीण ना गं तू? तुला येवढंबी कळू न्हाय?"

आणि वन्सं हसल्या. कोपऱ्याचं नव्हे, सुमनताईंनी सांगितलेल्या त्या तापवलेल्या पाण्याचं हसू आलं, असं त्या आजही सांगतात. पण फोनवर हसू तेवढं ऐकू गेलं. पुढे दोन-तीन महिन्यांनी सुमनताईंचे यजमान बांधावरून पडले, पाय मोडला. पाय पुन्हा नीट जुळला, पण सासूबाईंनी त्याचा ठपका त्या कार्डावर ठेवला तो ठेवलाच. पिंपळीला वन्संचा फोन कुणी उचलेनासं झालं.

तेव्हापासून दर दिवाळीला पिंपळीला एक कार्ड जायचं. चारही कोपरे शाबूत, आणि आत एकच वाक्य: "सुमे, माझं चुकलं." उत्तर कधी आलं नाही. मी म्हणायची, "अहो वन्सं, एसटीनं जाऊन समक्ष बोला की!" तर म्हणायच्या, "आन् तिनं तोंडावर दार लावलं तर? कार्डाला दार लावलं तर कार्डाला काय वाटत न्हाय." दुसऱ्यांच्या बारशाला आनंदानं कागद कापणारी ही बाई पिंपळीच्या कार्डाला बसली की दिवसभर कुणाशी बोलायची नाही. मला फार वाईट वाटायचं.

यंदा श्रावणात सुमनताईंच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आईंना हल्ली आठवण ऱ्हात न्हाय. समदं इसरत्यात. पर हॉस्टेलचं बोलत्यात, तुमचं नाव घेत्यात. येऊन जावा." वन्संनी मला बरोबर घेतलं. बारामतीपर्यंत त्या ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होत्या.

सुमनताई खाटेवर बसल्या होत्या. वन्संना बघताच त्यांचं तोंड असं फुललं की मला वाटलं, मिटलं सगळं. वन्संनी त्यांचे हात धरले. "सुमे, माझं चुकलं गं."

"काय चुकलं?"

"ते कार्ड. तुझ्या मालकांच्या एकसष्टीचं."

"कसलं कार्ड? तू तर मला कवा येक वळ धाडली न्हाईस. जाऊ दे. उद्या माझा पाठ हाय, साहेब येणार हायत बघायला. तुझं तक्तं रंगवून झालं का?"

वन्संनी डी.एड.च्या खोलीत घालायच्या तशी खाटेवर मांडी घातली. मग म्हणाल्या, "झालं. तुझंबी रंगवून ठिवलंय."

"मंग काय घोर न्हाय," सुमनताई म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या.

परतीच्या एसटीत वन्संनी दोघींची तिकिटं काढली. मग एकदम म्हणाल्या, "तिनं माफ केलं का इसरली, कसं वळखायचं गं?" तिकिटं घडी घालून खिशात ठेवत त्याच पुढे म्हणाल्या, "आधीच जायला पायजे हुतं. दार लावलं असतं तर लावलं असतं. कुणाच्या तोंडावर लावतीया, ते तिला ठावं तर असतं."

दिवाळीत पिंपळीचं कार्ड नेहमीसारखंच तयार झालं. पाकिटात घालायच्या आधी त्यांनी ते मला वाचायला दिलं. आत माफी नव्हती. हिरव्या शाईत, मास्तरणीच्या टपोऱ्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: "सुमे, उद्याच्या पाठाला शुभेच्छा."