जाऊबाईंचं नाक

साथीच्या पहिल्या महिन्यांत आमच्या कोपरीच्या घरात मी भाज्या सोड्याच्या पाण्यात धुतल्या, दुधाच्या पिशव्यांना आंघोळ घातली आणि हवेतून काही येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पुढे वाचत गेले तसं कळलं, की खरी भीती कोंडलेल्या हवेची. त्याच दिवशी खिडक्या उघडल्या. शास्त्रज्ञ आपलं म्हणणं बदलतात म्हणून बरेच जण वैतागायचे. मला ते आवडायचं. नवी माहिती आली की जुनी ओळ खोडायची. माझ्या याद्यांचंही मी तेच करते.

मग कळव्याला राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना ताप आला. आठवड्याभरात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. दुसऱ्या कुणाचं तेवढं अडलं नसतं. आमच्याकडे गौरीचा नैवेद्य जाऊबाई करतात, आणि नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचा नसतो. त्या पातेल्यावरचं झाकण उचलून एक श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, “मीठ कमी आहे.” कधी चुकल्या नाहीत. आता दूध करपून काळं झालं तरी पत्ता लागेना.

“येत्या गौरी तूच कर,” त्या फोनवर म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा.

फोन ठेवला आणि वाचायला बसले. ओळखीचे वास रोज मन लावून घेत राहिलं तर नाक पुन्हा सरावू शकतं, असं तज्ज्ञ सांगत होते. खात्री कुणीच देत नव्हतं. मी लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल बाटल्यांत भरून पाठवलं, सोबत वेळापत्रक. काही दिवसांनी चौकशी केली, तर मोठे दीर म्हणाले, “बाटल्या देव्हाऱ्याशेजारी आहेत. हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी आहे.”

बरोबरच होतं. स्वयंपाकघरात एकटीने बाटल्या हुंगत बसायचा कुणालाही कंटाळा येईल. मग मी रविवारी सकाळी कळव्याला जाऊन त्यांना बाहेर काढू लागले. गर्दी नसलेल्या वाटा, दोघींत अंतर, समोरून माणूस आला की मास्क वर. वाटेत कढीपत्ता चुरगाळायचा, तुळशीची मंजिरी चोळायची, बुचाची फुलं उचलायची. पहिल्या रविवारी त्या माझ्यावर उपकार केल्यासारख्या चालल्या. पुढे मीच मागे पडू लागले.

“चल गं, ढांगा टाक,” त्या म्हणायच्या. “यादी घरी ठेवून येत जा, तेवढंच वजन कमी.”

एका रविवारी दीरही आलेले. आम्ही खाडीच्या कडेने निघालो. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांशी काळा चिखल उघडा पडलेला, त्यावर बगळे. दिरांनी केव्हाच नाकाला रुमाल लावला होता. जाऊबाई एकदम थांबल्या आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

“शी! काय घाण येतेय गं!”

मी आणि दीर एकमेकांकडे बघतच राहिलो.

“कसली?” मी हळूच विचारलं.

“कसली म्हणजे? सडक्या अंड्यांसारखी! तुला नाही येत?”

“येतेय! येतेय की!” मी ओरडले. दीर रुमाल झेंड्यासारखा हलवू लागले. बगळे उडाले. तेव्हा कुठे जाऊबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि त्या लांब लांब श्वास घेऊ लागल्या, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

नाक दाबून चाललेले एक आजोबा लांबच थबकले. “बाई, काही होतंय का?”

“वास येतोय!” जाऊबाई आनंदाने म्हणाल्या.

“तो रोजच येतो,” म्हणत ते भरभर निघून गेले.

चालण्याने झालं, फुलापानांनी झालं, की दिवस गेले म्हणून आपोआप, ते मला सांगता येणार नाही. मी पिशवीतली लवंग पुढे केली. जाऊबाईंनी हुंगली, मान हलवली. “काही नाही.”

मग त्यांनी पदर खोचला. “चिखल आला ना? लवंगही येईल. गौरीला अजून अवकाश आहे. आता मला मासळीवाल्या मावशींकडे घेऊन चल.”

“अगं, तिथे वास...” दीर म्हणाले.

“म्हणूनच!” म्हणत त्या पुढे झाल्यासुद्धा.