माप जुळलेला ॲक्सल

बाबीशेठनी ॲक्सल ट्रेलरखाली सरकवला, टेप धरली आणि मला बोल्ट आवळायला सांगितलं. मी पाना खाली ठेवला.

आचऱ्याजवळच्या या गॅरेजचे बाबीशेठ मालक, मी फिटर. ट्रेलर फिलोमिनाबायचा. तिची फायबरची होडी त्यावरून पाण्याबाहेर काढतात. ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. सगळा भार त्याच्यावर. जुना खाऱ्या पाण्याने गंजून मोडला होता. समुद्र खवळत चालला होता आणि होडी अजून खाडीत नांगरलेली. ती फुटली तर बायचं घर चालवणारं दुसरं काही नव्हतं.

गॅरेजात पडून असलेला हा ॲक्सल लांबीला बरोबर होता. स्प्रिंगांमधलं अंतरही जुळत होतं. पण त्याची क्षमता साडेसातशे किलो. होडी, इंजिन, ओली जाळी आणि ट्रेलरचं लोखंड मिळून वजन अकराशेच्या पुढे जात होतं. माप जुळलं की भारही पेलेल, असं बरेच जण धरून चालतात.

शेठनी आधी इंजिन आणि जाळी उतरवून होडी ओढण्याचा तोडगा सुचवला. तिथेच उभी असलेली बाय म्हणाली की लाटा अंगावर येत असताना तेवढी सवड कोणाला असते. शिवाय ते सगळं उतरवूनही बेरीज साडेसातशेच्या खाली येत नव्हती.

"वाळयेतसून रस्त्यापर्यंत जावचा आसा, मुंबयक नाय," शेठ म्हणाले. "एवढ्याक काय होवचा नाय."

त्या वाटेला चढ आहे. ट्रॅक्टर पुढून ओढतो, वाडीतली माणसं मागून ढकलतात. ॲक्सल मोडला तर होडी त्यांच्यावर येणार.

"मी ह्यो बसवूचंय नाय."

"मगे उद्यापासून येव नुको."

"येवचंय नाय. पण दुसऱ्याकडसून बसवून घेतलास, तर पयल्या ओढीक तुमी मागे रवा."

शेठ हसले. बाय हसली नाही. ढकलायला तिचे दोन्ही मुलगे असतात.

"रवतलास काय, शेठ?" तिने विचारलं.

शेठ टेप गुंडाळायला लागले.

"मगे होडी रवांदे खाडीत. माका जाड ॲक्सल होयो."

शेठनी कोल्हापूरला फोन लावला. जस्ताचा लेप दिलेला, पंधराशे किलोचा ॲक्सल मागवला. तो येईपर्यंत होडीची एक कड जेटीला घासून फुटली. मग मी ॲक्सल बसवला आणि होडी वर आली. शेठनी मला काढलं नाही. बरेच दिवस बोललेही नाहीत.

कामावरून काढायची धमकी दिल्याने ॲक्सलची क्षमता वाढत नाही.