नागोबाच्या बेडकाची उडी

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या प्रमुखाला पोरं पाठीमागे नागोबा म्हणत, आणि दोष सर्वस्वी त्याचाच होता. गेम बनवण्याच्या वार्षिक स्पर्धेचे नियम सांगताना तो बोट नाचवून बजावायचा, "आयत्या बिळावर नागोबा इथे चालणार नाही!" एकोणीस वर्षं हेच ऐकल्यावर पोरं दुसरं काय नाव ठेवणार?

यंदा मात्र आयत्याला ऊत आला होता. गेमचा सांगाडा तयार मिळे, झाडं-डोंगर तयार, संगीत तयार. नुसतं सांगितलं की कोड लिहून देणारं यंत्रही हजर. यातलं काय चालू द्यायचं, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. तिसरीत चित्रकलेच्या बाई वैतागून म्हणाल्या, "सर, मग कीबोर्डही घरीच घडवून आणायचा का?" नागोबाने यावर खरोखर विचार केला, यावरून माणूस ओळखावा.

त्याची सगळी ऐट एका कपावर उभी होती. सव्वीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना हीच स्पर्धा त्याने जिंकली होती. त्याच्या गेममधला बेडूक अशी झोकात उडी मारायचा की परीक्षक खुर्चीतून उठले होते. तो कप लॅबच्या कपाटावर असे आणि आठवड्यातून दोनदा पुसला जाई.

शेवटी नियम ठरला: दुसऱ्याचं काहीही वापरलं तर बाद. काय कुठून आणलं, ते प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं. पंचाईत एवढीच की यंदा नागोबाची लेकही स्पर्धेत होती. चार महिने ती त्या गेमसाठी खपली होती. बाप वरून कडक, पण ती जिंकावी म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

अर्ज तपासायच्या दिवशी बाई एकेक कागद मोठ्याने वाचत होत्या. लेकीचा आला. "चित्रं स्वतःची. राक्षसाची गुरगुर: बाबांचं घोरणं, दुपारचं." समिती खुदखुदली. नागोबा लाल झाला. "उडीचा कोड," बाई वाचत गेल्या, "आईचा. कॉलेजात असताना तिने बाबांच्या बेडकासाठी लिहिला होता."

सगळे आधी कपाकडे आणि मग नागोबाकडे बघू लागले. लग्नाआधी कॅन्टीनमध्ये बायकोने वहीचं पान फाडून त्यावर तो कोड लिहून दिला होता. हा ते इतक्या सोयीने विसरला की पुढे स्वतःही फसला. तिने कधी शब्दाने हटकलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग? बाद?" बाईंनी विचारलं.

"नियम बदला. आयतं चालेल, पण ज्याचं त्याचं नाव लिहायचं."

"लेकीसाठी?"

"तिचा कागद खरा आहे, बाई. माझा कप नव्हता."

संध्याकाळी त्याने पिशवीतून कप काढून बायकोपुढे ठेवला. "तुझा आहे हा."

तिने भाजी चिरता चिरता मान वर केली. "आठवलं का एकदाचं? ठेव त्या फळीवर. आणि पुसायचं काम तुझ्याकडेच राहू दे, नागोबा. आठवड्यातून दोनदा."