निशिगंधाची जागा

ओल्या काळ्या मातीचा वास मला सुखाचा वाटत नाही. बंद सभागृहात, दिव्यांखाली तापलेल्या मातीचा तर नाहीच. त्याच वासात सर म्हणाले होते, “थांब. आत्ता होतीस तशीच राहा. हेच मला हवंय.”

मी त्या वेळी नाचत नव्हते. झाडत होते.

सोलापुरात बागेवरचं एक नृत्यनाट्य बसत होतं. ते बसवणारे सर परदेशात नृत्य शिकून आलेले. रंगमंचावर खरी माती हवी, हा त्यांचा आग्रह. मैंदर्गीकडच्या शेतातून ती पोत्यांनी आली. आम्ही मुली एकेक फूल. मला निशिगंध मिळाला होता. दिवसभर गणवेशांच्या कारखान्यात मशीनवर बसून मी तालमीला यायची; पण मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एकेक कळी उघडू लागली की पाठीतला शीण कुठे विरून जाई, कळत नसे.

तालीम संपली की माती सभागृहभर पसरलेली असे. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या. कोपऱ्यात खराटा उभा होता. मला कुणी काही सांगितलं नाही. माझाच हात तिकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून मातीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. गुलाब झालेली मुलगी एकदा म्हणाली, “तुझा हात काय मस्त बसलाय गं त्याच्यावर.” सगळ्या हसल्या. मीही.

माझी आई महापालिकेच्या बागेत झाडते. सरांना ते ठाऊक होतं. झाडताना त्यांनी मला थांबवलं त्या दिवशी कमरेतली ती घडी, डाव्या गुडघ्यावर टेकलेला तो तळवा, हे सगळं त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. निशिगंध दुसरीला दिला. आता फुलं उमलणार होती आणि मी त्यांच्याभोवती झाडत राहणार होते. मला नाचायचंय, मी म्हणाले. सर समजुतीच्या स्वरात म्हणाले, “अगं, हाही नाचच आहे. बाकीच्यांना शिकवावं लागतं. तुझ्या तर रक्तातच आहे.”

रक्तात. घरी हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

रंगीत तालमीला घरच्यांना बोलावलं होतं. आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली, शेवटच्या रांगेत बसली. निळ्या उजेडात माझी सावली मागच्या पडद्यावर पडली आणि मी दचकले. तिथे मी नव्हते. आई होती. पहाटेच्या गारठ्यात किंचित वर चढणारा तिचा उजवा खांदा. मी थांबले तरी ती सावली झाडतच राहील, असं भय अंगभर पसरलं.

मध्यंतरात आई जवळ आली. हळूच विचारलं, “मी आशी दिसती व्हय गं?”

ती परत आपल्या जागेवर गेली.

मध्यंतरानंतर पुन्हा माझा प्रवेश आला. मी मातीच्या मधोमध गेले, खराटा खाली ठेवला आणि उभी राहिले. फुलं गोंधळली. संगीत थांबवलं गेलं. मी म्हणाले, “हे मी रंगमंचावर करणार नाही. तालमीनंतरही करणार नाही. निशिगंध माझा होता.”

निशिगंध परत मिळाला नाही. प्रयोग माझ्याविना झाला, गाजला. झाडायला दुसरी मिळाली. तीही आमच्याच वस्तीतली.

आता मी वस्तीच्या समाजमंदिरात मुलींना नाच शिकवते. रविवारी, कारखान्याला सुट्टी असते तेव्हा. फुलं, पानं, हात, सगळं नंतर. आधी पाठीचा कणा. तो कुणाच्या सांगण्यावरून मोडायचा नाही, एवढं त्यांच्या अंगात मुरेपर्यंत मी पुढचं पाऊल शिकवत नाही. आणि त्या उभ्या राहतात तेव्हा मला ते सभागृह ऐकू येतं. थांबलेलं संगीत, मागच्या अंधारात बसलेली आई, माझ्यावर रोखलेल्या साऱ्या नजरा, आणि मातीकडे बोट दाखवून सरांनी म्हटलेला तो एकच शब्द.

“वाक.”