उलट्या नावांची जीप

जीप आमच्या दारात आली ती बैलांच्या मागून. दोरखंड लावून दोन बैल ती ओढत होते, एक माणूस स्टेअरिंग धरून बसला होता आणि मामंजी रस्त्याच्या कडेनं छत्री घेऊन चालत होते. चाकं चार होती, पण टायरांत हवा नव्हती. टप नव्हता. इंजिन जागेवर होतं ते नुसतं खोकं. त्याचे बाकीचे अवयव मागं दोन पोत्यांत भरून ठेवले होते.

लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. सावेडीला तेव्हा घरं मोजकीच होती. आमच्या मागं ज्वारीचं रान होतं आणि दुष्काळामुळं त्या साली त्यात ज्वारीही नव्हती. माझे यजमान औरंगाबादला नोकरीला होते, शनिवारी संध्याकाळी यायचे. एरवी घरात मी, सासूबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, एवढंच मला माहेरी सांगितलं होतं. ते फार कमी बोलायचे. त्यांच्यासमोर मी पदर सावरून उभी राहायची आणि त्यांना काय हवंय ते त्यांच्या नजरेवरून ओळखायचा प्रयत्न करायची. बहुतेक वेळा ते चुकायचं.

सासूबाई दारात येऊन जीपकडं बघत राहिल्या. "ही कुठं जाणार आहे?"

"कुठं नाही," मामंजी म्हणाले. "होती तशी करायची."

"आणि मग?"

 मामंजी बैलांना पाणी द्यायला सांगून आत गेले. पाणी द्यायचं कुठून, हा प्रश्न माझ्याकडं राहिला.

नगरला लष्कराच्या जुन्या मालाचे लिलाव व्हायचे. तिथून आलेल्या जीपा गावोगाव फिरत होत्या. पण त्यांना लोक डिझेल इंजिन बसवायचे, मागं पत्रा ठोकून बारा-पंधरा माणसं कोंबायचे. स्टेशनकडच्या एका गॅरेजचा मिस्त्री आमची गाडी बघायला आला, तेव्हा त्यानंही तेच सांगितलं. "साहेब, ह्या इंजिनाच्या नादाला लागू नका. पार्ट मिळायचे नाहीत. दुसरं बसवू, मस्त पळंल."

"पळवायची नाही," मामंजी म्हणाले. "असलीच पार्ट लावायचे."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मलाही काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या कामात ओढली गेले. मला कुणी विचारलं नाही. मामंजी अंगणात पोतं उपडं करून बसले होते. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप घेतला आणि दुसऱ्या हातानं एक काळा, चिकट गोळा माझ्यापुढं धरला. "हा धुवा."

धुवायचा कशानं? रॉकेलला सासूबाईंनी हात लावू दिला नाही. रेशनचं रॉकेल, त्यावर स्टोव्ह चालायचा. मग गॅरेजमधून वापरलेलं डिझेल आणलं. त्यात ब्रश बुडवून मी तो गोळा घासला, तेव्हा आतून एक पंख्यासारखी वस्तू निघाली.

"हे काय आहे, मामंजी?"

"पंप, वॉटर."

"वॉटर पंप?"

"नाही. पंप," ते जरा थांबले, "वॉटर."

प्रत्येक वस्तूचं नाव ते असंच उलटं घ्यायचे. 'बोल्ट, हेक्स.' 'होज, रेडिएटर.' 'पिन, स्प्लिट.' आधी जात, मग थांबा, मग कुळ. फौजेत असंच म्हणत असतील असं मी समजले. काही आठवड्यांनी सासूबाईही म्हणायला लागल्या, "सूनबाई, त्यांना विचार, चहा, गरम घेणार का?" त्या हसायच्या नाहीत, त्यामुळं मला हसावं की नाही तेही कळायचं नाही.

धुताना मला दिसलं की कितीतरी बोल्टांच्या डोक्यावर एक बारीक इंग्रजी अक्षर उठवलेलं आहे. मी ते दाखवलं. मामंजींनी चष्मा पुसून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, हा बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का. म्हणजे हे असली. बस्स, तेव्हापासून ते अक्षर म्हणजे आमचा धर्म झाला. मामंजी भंगारवाल्यांकडं जायचे, वाकून, भिंगातून अक्षर शोधायचे आणि सापडलं की रुमालात बांधून आणायचे. अक्षर नसलेले बोल्ट, चांगले असले तरी, बाजूला एका घमेल्यात. घमेलं भरत चाललं आणि जीप मात्र होती तशीच उघडी.

मला एक गोष्ट समजत नव्हती. वस्तू धुऊन, पुसून, तेल लावून ओळीनं मांडल्या की मी विचारायची, "ही कुठं बसते?" मामंजी नाव सांगायचे. मी पुन्हा विचारायची, "पण बसते कुठं?" ते पुन्हा नावच सांगायचे, जरा मोठ्यानं. मला वाटायचं, सुनेनं जास्त विचारलेलं त्यांना आवडत नाही.

एका रविवारी यजमान आणि मी मिळून एक लांब दांडा बसवायला बघत होतो. तो एका बाजूनं बसेना, दुसऱ्या बाजूनंही बसेना. यजमान घामाघूम होऊन वडिलांना म्हणाले, "दादा, तुम्ही इतकी वर्षं ही गाडी चालवलीत, सांगा ना कुठली बाजू वर ते."

"मी कुठं चालवली?" मामंजी म्हणाले.

 यजमानांच्या हातात दांडा तसाच.

"मी स्टोअरला होतो. कोठारात. खिडकीतून पार्ट द्यायचो. गाड्या पुढं असायच्या, लांब. ड्रायव्हर यायचे, चिठ्ठी द्यायचे, पार्ट घेऊन जायचे." मग दांड्याकडं बघत म्हणाले, "ते कुठं लागतात ते मी कधी बघितलं नाही."

माझ्या यजमानांना, त्यांच्या सख्ख्या मुलाला, हे माहीत नव्हतं. त्यांनी लहानपणी मित्रांना सांगितलं होतं की माझे वडील लढाईत जीप चालवायचे. ते घरात जाऊन गार पाणी प्यायले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. सासूबाईंना मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? फौजेत होते म्हणायचे. मी कधी विचारलं नाही, फौजेत कुठं."

म्हणजे नावं मामंजींना येत होती, जागा कुणालाच येत नव्हती, आणि अर्धी गाडी अंगणात पसरली होती.

मिस्त्री म्हणाला, खर्ड्याला एका शेतकऱ्याकडं अशीच जीप आहे, अजून पुरी जोडलेली. त्यानं मागच्या चाकाला पट्टा लावून विहिरीवरचा पंप चालवला होता. आम्ही दोघं, मामंजी आणि मी, एसटीनं निघालो. मला का घेतलं? मी शाळेत असताना चित्रकलेची परीक्षा दिली होती, हे सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं. पिशवीत खाकी कागद आणि पेन्सिल होती. जामखेडच्या रस्त्याला जागोजागी दुष्काळी कामं चालली होती. बायका खडी फोडत होत्या आणि एसटीची धूळ त्यांच्या अंगावर जात होती. मला त्या बायकांकडं बघताना आपण कशासाठी चाललोय याची लाज वाटली. मामंजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांना काय वाटत होतं, ठाऊक नाही.

शेतकरी वयस्कर होता, मोठा गमत्या. किल्ल्याच्या अंगाला त्याचं शेत, विहीर कोरडी ठणठणीत, आणि विहिरीशेजारी चिंचेखाली जीप उभी. त्यानं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. मी पदर खोचून जीपखाली शिरले, तेव्हा तो मामंजींना म्हणाला, "सून हाय व्हय? लई धीराची हाय."

मी खालून चित्र काढत होते. कुठला दांडा कुठून कुठं जातो, कुठली बाजू वर. मग पुढच्या बाजूला आले. चासीचे, म्हणजे सांगाड्याचे, दोन लांब दांडे जोडणारा एक आडवा दांडा पुढं असतो. खर्ड्याच्या जीपचा तो दांडा चपटा होता, पन्हाळीसारखा. मला आठवलं, आमचा गोल आहे, नळासारखा. मी तो इतक्या वेळा घासला होता की चूक होणं शक्य नव्हतं.

"मामंजी, ही वेगळी आहे."

मामंजी वाकले. मग त्यांनी तिथल्या बोल्टांवर भिंग धरलं. एकावरही अक्षर नव्हतं. ते उठून उभे राहिले, पुन्हा वाकले. मग त्यांनी मला सांगितलं की तेव्हा ही गाडी दोन कंपन्या बनवायच्या, एकसारखी. चपटा दांडा अक्षरवाल्या कंपनीचा. गोल दांडा दुसरीचा. एवढं त्यांना कोठारातून माहीत होतं, कारण ते दांडे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायचे; गाडीला लागलेला दांडा मात्र त्यांनी ओळखला नव्हता.

म्हणजे आमच्या गाडीचा सांगाडा एका कंपनीचा आणि बोल्ट दुसरीचे. खर्ड्याच्या गाडीचं बरोबर उलटं. कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये कुणीतरी, जे हाताशी आलं ते लावून, गाड्या पुढं पाठवल्या होत्या.

शेतकऱ्याला हे समजावून सांगितलं, तेव्हा तो खूश झाला. "मंग तुमची न् आमची भैनी-भैनीच म्हना की!"

"पण असली कुठली?" मामंजींनी विचारलं. त्यांनी हे त्याला विचारलं, मला विचारलं, की स्वतःला, मला कळलं नाही. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"असली म्हंजी? चालती ती असली," शेतकरी म्हणाला.

हे उत्तर मामंजींना मुळीच पटलं नाही, हे मला दिसलं. मलाही ते पुरेसं वाटलं नाही. चालायची तर डिझेलचीही चालली असती.

निघताना शेतकऱ्यानं आपल्या इंजिनाचा कार्बुरेटर काढून दिला. आमचा कधीचाच हरवला होता. मामंजी नको म्हणत होते. "न्या वो. हिरीला पानी न्हाई तर इंजन काय वारा वढनार हाय? आन् आता मी लाईटीची मोटर घेनार हाय." त्या कार्बुरेटरवर कुठलंच अक्षर नव्हतं. परतीच्या एसटीत मामंजी तो नगर येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

त्यानंतर काही दिवस ते अंगणात गेलेच नाहीत. मग एका सकाळी मी बघितलं, तर ते घमेल्यातले बोल्ट निवडत होते, अक्षर नसलेले. "हे पण धुवा," म्हणाले. "दोन्ही लावू."

"कुठले कुठं?"

"तुमच्या चित्रात बघा."

चित्रात अक्षरं नव्हतीच. मी जो हाताला येईल तो बोल्ट लावत गेले. मामंजी शेजारी बसून प्रत्येक वस्तू माझ्या हातात द्यायचे, उलटं नाव घेऊन, आणि ती बसली की मान पुढं काढून बघायचे. "इथं होय?" म्हणायचे. दर वेळी नवल वाटल्यासारखं.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वायरी तपासल्या, थोडी शिवीगाळ केली, पुढून हँडल मारलं. पुष्कळ हँडल मारल्यावर इंजिन खोकलं, बंद पडलं, आणि मग सुरू झालं. सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. मिस्त्री ओरडून मामंजींना म्हणाला, "बसा साहेब, फिरवून आणतो!" मामंजींनी हातानंच नको म्हटलं आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले.

गाडी कुणी तरी चालवायला हवी होती. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, यजमान आठवडाभर गावाला. मिस्त्रीनं मला शिकवलं, मागच्या मोकळ्या रानात. स्टेअरिंग डावीकडं, त्यामुळं रस्त्यावर आल्यावर माझा कायम गोंधळ उडायचा. बायामाणसं थांबून बघायची. मला लाज वाटायची आणि गंमतही वाटायची, दोन्ही एकदम.

मामंजी मात्र त्या जीपमध्ये बसले नाहीत. एकदा ते म्हणाले, "तुम्ही औरंगाबाद रस्त्यानं जाऊन या. मी कडेला उभा राहून बघतो." मी गेले, पुढं वळवली आणि परत आले. रस्त्याच्या कडेला ते छत्री उघडून उभे होते. मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी हात केला नाही. गाडी जाईल तशी मान वळवत राहिले.

आणखी एक लांब फेरी मारून घरी आले तर ते ओट्यावर बसून चहा पीत होते.

"कशी दिसली, मामंजी?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "जवळ आली तेव्हा धूळ होती," ते म्हणाले. "आणि लांबून सगळ्या सारख्याच."

त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? दुसरा कप मागितला, एवढं खरं." मी आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं.