पांढरे केलेले कण

मंडळी, आज सकाळी गावात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, आणि तेव्हापासून मला कुणाच्या तोंडाकडे बघवत नाहीये.

मी पुण्यात खवळलेल्या पाण्याचा अभ्यास करते. म्हणजे कॉम्प्युटरवर पाण्याचे लाखो कण सोडायचे आणि ते कसे ढकलले जातात, कुठे भोवरा धरतात ते बघायचं. सुट्टीत गावी, पोशेऱ्याला आले आणि हौसेने शाळेच्या वाटेवर आमच्या ओहोळावर जी मोरी, म्हणजे बुटका पूल आहे, तिचंच मॉडेल केलं.

काही कण मोरीच्या भिंतीतून आरपार निसटत होते. चूक माझ्या मॉडेलची होती. एवढं पाणी हरवल्यावर मॉडेलमधला पूर मोरीच्या माथ्याखालीच राहणार ना! पण दुरुस्त करायचा कंटाळा आला. म्हटलं, गावातच तर दाखवायचंय. निसटलेले कण पांढरे करून टाकले. पांढऱ्या पडद्यावर कुणाला दिसणार?

आज सकाळी गावासमोर दाखवलं, तेव्हा कुणालाच दिसले नाहीत. शेजारच्या जानकीकाकी उठून म्हणाल्या, "पाणी मोरीवरून नाय जात म्हणतेस? मंग यंदा पोरींना पावसात बी शाळेत धाडू. तू शिकलेली, तुला ठावं."

टाळ्या पडल्या. आणि मी म्हणाले, "हो काकी."

आत्ता घरी येऊन तेच कण लाल केले. भिंतीतून नुसत्या लाल धारा लागल्यात.

लॅपटॉप काखोटीला मारून काकींकडे निघालेय. मिळालेल्या टाळ्या तुमच्यापैकी कुणी कधी परत केल्यात का? सुरुवात कशी करायची, तेवढं सांगा.