परत आलेला सदरा

ग्रंथपालबाईंनी टेलरमास्तरांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते वाचनालयातल्या शिडीवर. पडद्यांचं माप घ्यायला ते आले होते. ओठांत चार टाचण्या, गळ्यात पिवळी टेप, कानावर पेन्सिल. खिडकी मोजून झाली तरी ते काही खाली उतरेनात. समोरच्या फळ्यावर एका माणसाचा फोटो लावला होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"बाई, हा कोण?"

"शिक्षक आहे. गणित शिकवायचा."

मग बाईंनी सगळं सांगितलं. दूरच्या एका देशात, खाणीजवळच्या गावात त्याची शाळा. वर्गातली मुलं एकेक करून खाणीत कामाला जाऊ लागली, तेव्हा त्याने त्यांची यादी केली, वयासकट, आणि वर्तमानपत्राकडे पाठवली. एका सकाळी भरल्या वर्गातून त्याला उचलून नेलं. तुरुंगात आहे असं लोक म्हणतात. सरकार म्हणतं, असा माणूस आमच्याकडे नाहीच.

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या. "ते झालं. पण याचा सदरा कोणी शिवलाय? गळा बघा. माणूस गुदमरेल अशाने."

बाईंना तेव्हा भारी राग आला. पुढे त्यांच्या लक्षात आलं, मास्तरांची माणसाशी ओळख व्हायची ती कपड्यापासूनच.

दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात सात-आठ मंडळी जमायची. मोठ्या टेबलाभोवती बसून जगातल्या कुठल्या कुठल्या तुरुंगातल्या माणसांसाठी पत्रं लिहायची. मंत्र्यांना, तुरुंगाधिकाऱ्यांना, न्यायाधीशांना. डिंकाचा वास, पातळ निळे कागद, मंडळींतल्या औषधवाल्यांचं खोकणं, आणि सगळ्यांना पुरेल एवढा चहा कधीच नाही. आज त्यातलं बरंचसं कुणाला खरंही वाटणार नाही. तेव्हा मात्र त्या टेबलाशी बसलं की जग हाताच्या अंतरावर आहे असं वाटायचं.

पडदे लावायला आलेले मास्तर एका गुरुवारी थांबले, आणि मग दर गुरुवारी येत राहिले. त्यांचं पत्र तीन ओळींचं असायचं. "महोदय, या माणसाने मुलांची यादी केली. यादी करणं गुन्हा नाही. त्याला घरी पाठवा." औषधवाले म्हणायचे, "अहो मास्तर, जरा फुलवून लिहा की!" मास्तर म्हणायचे, "जास्तीचं कापड कशाला वाया घालवू?"

वर्ष गेलं. उत्तर नाही. शिक्षकाच्या बायकोचं एक पत्र तेवढं आलं: तो जिवंत आहे की नाही एवढं तरी कुणी सांगा.

ते पत्र वाचल्यावर मास्तर दोन गुरुवार आले नाहीत. बाई चौकशीला दुकानात गेल्या तर काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, त्यांनाच धारेवर धरलं.

"काय वेड लावलंत हो यांना? जावयाचा कोट सहा महिने टाचून पडलाय, आणि हे कैद्याला सदरा शिवतायत! पाहिलंय का कधी त्याला?"

"फोटो पाहिलाय ना," मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "पुरे आहे."

"फोटोवरून माप! उद्या आवाजावरून पायजमा शिवाल."

बाईंनी समजावलं. नियम होता, फक्त पत्रं पाठवायची. पार्सलं पोचतच नाहीत, पोचली तर गहाळ होतात. मास्तरांनी शांतपणे काज पुरं केलं. "बाई, पत्र नाही वाचलं तरी चालतं. सदरा आला की कुणाला तरी तो उलगडून बघावाच लागतो."

पांढरा, साधा, जाड सुती सदरा. गळा व्यवस्थित. आत माया भरपूर सोडलेली, म्हणजे लागलं तर उसवून वाढवता येईल. तुरुंगाचा पत्ता, शिक्षकाचं नाव. पार्सल गेलं.

सव्वाचार महिन्यांनी ते परत आलं.

मास्तर ते काखेत मारून भर दुपारी वाचनालयात आले. चेहरा पार पडलेला. पार्सलला एक छापील चिठ्ठी जोडली होती, शिक्का आणि सही असलेली. परक्या भाषेतली. बाईंनी जाडजूड शब्दकोश उघडला आणि एकेक शब्द लावत वाचलं:

"बंदी क्रमांक चारशे सतरा. घालून पाहिला. मापाला मोठा. डाव्या खांद्यावरून उतरतो. परत."

"तीस वर्षं," मास्तर म्हणाले. "तीस वर्षांत माझ्या हातचा एक कपडा परत आला नाही, बाई. बायको म्हणत होती तेच खरं झालं."

बाई खुर्चीतून उठल्या होत्या. "मास्तर, अहो कळतंय का तुम्हाला? घालून पाहिला! त्यांनी शिक्का मारून दिलाय की तो तिथे आहे! सरकार म्हणतंय असा माणूसच नाही, आणि त्यांचाच कारकून म्हणतोय की त्याला सदरा मोठा होतो!"

राजधानीतल्या साहेबांनी काय नाकारलंय ते कोठारातल्या कारकुनाला कोण सांगायला जाणार! कपडा आला, त्याने नियमाप्रमाणे घालून बघितला, बसला नाही, परत केला.

बाईंना वाटलं, आता तरी मास्तर हसतील. पण त्यांनी सदरा टेबलावर पसरला होता आणि डाव्या खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवून ते उभे होते.

"पोट उतरतं," ते हळूच म्हणाले. "छाती उतरते, मान उतरते. त्याची मला कल्पना होती. पण खांदा हाडावर असतो, बाई. माणूस वाळला म्हणून एकच खांदा उतरत नाही."



त्या गुरुवारी मास्तरांनी तीन ओळींत एक ओळ वाढवली: "त्याचा डावा खांदा डॉक्टरांना दाखवा." चिठ्ठीची आणि पार्सलवरच्या नावपत्त्याची छायाचित्रं काढून मंडळींनी ती शिक्षकाच्या बायकोला पाठवली, वर्तमानपत्रांना पाठवली, निरनिराळ्या देशांतल्या अशाच मंडळांना पाठवली. चारशे सतरा नंबर अनेक भाषांत छापला गेला. न्यायालयात शिक्षकाच्या बायकोने चिठ्ठी पुढे केली, तेव्हा सरकारी वकिलाला म्हणे पाणी मागवावं लागलं. डॉक्टर तुरुंगात गेले. डाव्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं.

मास्तरांनी सदरा उसवला, लहान केला, डाव्या खांद्याला आतून पातळ गादी बसवली आणि पुन्हा पाठवला. तो परत आला नाही.

अकरा महिन्यांनी शिक्षक सुटला. त्याचं पत्र आलं, ते बाईंनी सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं: "तो पांढरा सदरा माझ्या अंगावर दहा मिनिटं होता. कोठारातला माणूस गुंड्या लावत होता आणि मी रडत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं की मी आहे हे बाहेर कुणाला तरी माहीत आहे."

औषधवाल्यांनी चष्मा पुसला. काकू खास त्या दिवशी आल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"दुसऱ्याचं काय लिहिलंय?" मास्तरांनी विचारलं.

"दुसऱ्या कशाचं?"

"सदऱ्याचं हो! बसला का?"

बाईंनी पत्र उलटंपालटं करून बघितलं. दुसऱ्या सदऱ्याचा उल्लेखच नव्हता.

"कारकुनाने ढापला," काकू म्हणाल्या. "आणि त्याला बसला, म्हणून तर परत आला नाही."

मास्तर असे खदखदून हसले की शेजारच्या खोलीतल्या वाचकाने दार लावून घेतलं. त्या टेबलापाशी तसं हसू बाईंनी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मंडळींपैकी आता चौघंच उरलेत. औषधवाले गेले, काकूही गेल्या. मास्तर एक्याऐंशी वर्षांचे आहेत, दुकान सून चालवते. सध्या सगळे मिळून एका परिचारिकेसाठी पत्रं लिहितात. जखमींवर उपचार करताना ते कुठल्या बाजूचे हे तिने विचारलं नाही, म्हणून ती तुरुंगात आहे. मास्तरांना वाचनालयाचा जिना चढवत नाही, त्यामुळे गुरुवारी मंडळी त्यांच्या दुकानातच जमतात.